आयर्लंडमध्ये विलोची पहिली टोपली विणताना: नव्यानं शिकणाऱ्यांसाठी

माझी पहिली टोपली मोडली नाही, खुळखुळी झाली. नोव्हेंबरात विणली तेव्हा इतकी घट्ट होती की विणीत नख शिरत नव्हतं. नाताळ येईपर्यंत तिचे उभे फोक दुधाच्या दातांसारखे हलायला लागले. हातात धरून हलवली की आतून कुईं-कुईं असा आवाज यायचा. चूक एकच होती. फोक सकाळी कापले आणि दुपारी विणले. ओला फोक वाळताना बारीक होतो आणि विणीत तेवढी पोकळी सुटते. हे सांगायला तेव्हा कोणी नव्हतं, निदान मला समजेल अशा भाषेत तरी नव्हतं. म्हणून हे लिहितेय.

मी गॉलवे परगण्यात राहते. इथे खेड्यात विलोला बहुतेक जण ‘सॅली’ म्हणतात. आयरिशमधल्या ‘साल्यख’वरून आलेला शब्द. जुन्या शेतावर एखादा ओलसर, बाकी कशाच्या कामाचा नसलेला कोपरा असायचा, त्याला ‘सॅली गार्डन’ म्हणत. नाव ऐकून फुलबाग डोळ्यासमोर आणू नका. दरवर्षी हिवाळ्यात बुडापासून कापायची आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुन्हा माणसाच्या डोक्याहून उंच वाढणारी फोकांची दाटी, एवढंच. त्या फोकांतून शेतकरी आपापल्या टोपल्या विणायचा. पीट, म्हणजे चुलीत जाळायची वाळवलेली दलदलीची माती, वाहायला पाठीवरची किंवा गाढवाच्या दोन्ही अंगांना लटकवायची ‘क्लीअव’, म्हणजे इंग्रजीतली क्रील. खत किंवा समुद्रशेवाळ शेतात नेऊन खालचं झाकण सोडलं की सगळं एकदम रिकामं होणारी ‘बारडोग’. कोंबड्यांसाठी, अंड्यांसाठी, खेकडे-लॉबस्टर पकडायला वेगवेगळी विणकामं. प्लास्टिक आणि पत्र्याच्या बादल्या आल्या आणि ही कामं हातातून गेली.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक खूण: विलो आपल्याला अगदी परकी नाही. नदीकाठचा वाळुंज हा तिच्याच कुळातला. आणि निरगुडीच्या फोकांच्या पाट्या, कणग्या ज्यांनी गावाकडे पाहिल्या असतील त्यांना इथलं काम बघून अर्धं तिथेच कळेल. बुरूडकाम पाहिलेल्यांची मात्र थोडी फसगत होते. बुरूड बांबू चिरून चपट्या कामट्या काढतो, कामटी इकडून तिकडे साधारण सारख्या रुंदीची. विलोचा फोक अख्खा वापरतात. तो गोल असतो, बुडख्याला जाड आणि शेंड्याला सुतळीसारखा. त्यामुळे प्रत्येक ओळीत जाड-बारीक यांचा हिशेब राखावा लागतो. या कामातली निम्मी अक्कल या एका गोष्टीत आहे.

१. आधी ठरवा, काय विणायचं

सगळ्यांना दांडीची बाजाराची टोपली हवी असते. मलाही हवी होती. पण पहिल्या खेपेला तिच्या वाटेला जाऊ नका. उंच बाजू सरळ राखणं आणि दांडी बसवणं ही दोन्ही दुसऱ्या-तिसऱ्या टोपलीची कामं आहेत.

पहिली वस्तू म्हणून मी ‘स्किब’ सुचवते. गोल, उथळ, ताटापेक्षा थोडी मोठी. पश्चिम आयर्लंडमध्ये ती बटाट्यांसाठी असायची. उकडलेले बटाटे पाण्यासकट स्किबवर ओतायचे, पाणी खाली निथळून जातं, मग तीच स्किब रिकाम्या हंड्याच्या तोंडावर ठेवायची आणि घरातल्यांनी भोवती बसून खायचं. चाळणी, ताट आणि टेबल, तिन्ही एकात. आपली रोवळी आठवली ना? मलाही तीच आठवली होती. (तांदूळ मात्र धुवू नका. मी धुतले. निम्मे सिंकमध्ये गेले.)

याच कामाची दुसरी एक वस्तू आहे, ‘स्किअहोग’. ती आधी कडं वाकवून, त्याला बरगड्या लावून विणतात. पद्धत पूर्ण वेगळी. शिकवणीला जाणार असाल तर कुठली पद्धत शिकवणार हे आधी विचारून घ्या, नाहीतर घरी सराव एकीचा आणि वर्गात दुसरी, असा घोळ होतो.

२. फोक कुठून आणायचे

तीन वाटा आहेत.

विकत घेणं सगळ्यात सोपं. फोक लांबीप्रमाणे जुड्या बांधून मिळतात: तीन, चार, पाच, सहा फुटी. विकत घेताना तीन शब्द कानावर येतील. ‘ब्राउन’ म्हणजे सालीसकट वाळवलेले. ‘बफ’ म्हणजे तासन्‌तास उकळून मग सोललेले, साल उतरली तरी तिचा तांबूस रंग लाकडात मुरलेला. ‘व्हाइट’ म्हणजे वसंतात रस चढल्यावर सोललेले, पांढरे. तुम्ही ब्राउन घ्या. जुन्या शेतातल्या टोपल्या सालीसकटच असायच्या आणि हे फोक स्वस्तही पडतात. फुलांच्या दुकानात किंवा बागसामानाच्या दुकानात ‘शोभेची विलो’ म्हणून वाकड्यातिकड्या फांद्या मिळतात, त्या विणायच्या कामाच्या नाहीत. मी एकदा घेतल्या होत्या, आता त्यांच्यावर वाटाण्याचे वेल चढतात.

दुसरी वाट, कुंपणातून कापणं. इथे दोन गोष्टी सांभाळा. एक, जमीन कोणाची ते विचारा. कागदपत्र काही लागत नाही, पण मालकाचा होकार लागतो. आणि खेड्यात दार वाजवून विचारलं की होकाराबरोबर चहाही मिळतो. दोन, तारीख बघा. १९७६ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ४० प्रमाणे १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात कुंपणं आणि पडीक जमिनीवरची झुडपं तोडायला मनाई आहे, पक्ष्यांच्या विणीचा हंगाम म्हणून. टोपलीसाठी फोक कापायची वेळ तशीही पानं गळाल्यानंतरची, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा रस खाली उतरलेला असतो. पण फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत ढकलत बसलात तर वर्ष गेलं म्हणून समजा.

शिवाय कुंपणातली रानटी सॅली बहुतेक वेळा फाटे फुटलेली असते. तुम्हाला हवा तो एका वर्षाचा, सरळ, बिनफाट्याचा फोक. तो मिळतो दरवर्षी कापल्या जाणाऱ्या खुंटावरूनच. दोन-तीन वर्षं न कापलेल्या झाडाकडून अपेक्षा ठेवू नका.

तिसरी वाट, स्वतः लावणं. जागा असेल तर हिच्यासारखं सुख नाही. हिवाळ्यात वीतभराहून थोडी मोठी, पेन्सिलीएवढी जाड काडी घ्यायची आणि दोन तृतीयांश जमिनीत खुपसायची. डोळे वरच्या बाजूला. झालं. मुळं तिची ती धरते. पहिल्या वर्षी गवत मात्र वाढू देऊ नका, विलो थंडीला नाही पण गवताला हरते. घराच्या भिंतीपासून आणि सांडपाण्याच्या नळांपासून खूप लांब लावा, मुळं पाणी शोधत कुठेही घुसतात. पहिल्या हिवाळ्यात येतं ते किरकोळ, तरी कापाच. तिसऱ्या वर्षापासून खरं पीक. जातींत ‘व्हिमिनालिस’ उंच आणि भराभर वाढते, ‘पर्पुरिया’ बारीक आणि चिवट असते, ‘ट्रायअँड्रा’ सगळ्या कामांना चालते. पर्पुरियाची साल इतकी कडू की गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. शेजारी गाई असतील तर हे लक्षात ठेवा.

स्वतः कापलेले फोक लगेच विणू नका. माझी गोष्ट वर वाचलीच. जुड्या बांधून, वारा लागेल अशा आडोशाला उभ्या ठेवा. काही आठवड्यांनी निम्मे सुकल्यावर विणता येतात, नाहीतर पूर्ण वाळवून पुढच्या खेपेला भिजवून वापरा. मी दुसरंच करते, कारण ‘निम्मे सुकले’ हे ओळखायला अजून माझा हात तयार नाही.

३. सामान

एका स्किबला साधारण सव्वाशे फोक जातात. दीडशे जवळ ठेवा, काही तडकणार, काही आवडणार नाहीत.

– बुडासाठी ८ जाड काड्या, प्रत्येकी ३८ सेंटिमीटर, करंगळीहून थोड्या बारीक
– बूड विणायला चार फुटी, अगदी बारीक फोक, ५० ते ६०
– उभ्यासाठी चार फुटी, मध्यम जाडीचे, सगळे सारखे, ३२ आणि वर चार-पाच
– कडेच्या विणीला पाच फुटी, १८
– झाडछाटणीची धारदार कात्री
– छोटा, टोकदार चाकू
– आर किंवा जाड दाभण. इथे ‘बॉडकिन’ म्हणतात. सुरुवातीला मी जाड स्क्रूड्रायव्हर घासून टोकदार केला होता, अजून तोच वापरते
– वीण ठोकून बसवायला लोखंडाची एखादी जड पट्टी
– चपटी पक्कड, मोजपट्टी, सुतळी, एक जड दगड
– जुनं गोणपाट किंवा टॉवेल

चष्मा असेल तर घाला, नसेल तर साधा संरक्षक चष्मा घ्या. हसू नका. पाच फुटी फोकाचा शेंडा तुम्ही वळवता तेव्हा तो शेजारच्याच्या डोळ्याच्या उंचीवरून सपकन फिरतो. लहान मुलं खोलीत असतील तर काम अंगणात न्या.

४. निवडणं आणि भिजवणं

नवीन माणूस जुडी सोडतो आणि हाताला लागेल तो फोक उचलतो. थांबा. आधी सगळे फोक जमिनीवर पसरा आणि जाडीप्रमाणे तीन ढीग करा. मला शिकवणारे काका (नाव लिहिलेलं त्यांना आवडायचं नाही) पहिल्या दिवशी दोन तास फक्त हेच करायला लावायचे. विणकाम राहिलं बाजूला. वर्गातल्या एका मुलीनं वैतागून विचारलं, “सुरू कधी करायचं?” ते म्हणाले, “सुरू झालंय की.” उभ्या फोकांत एक जाड आणि शेजारचा बारीक असेल तर जाड जिंकतो, बारीक वाकतो, आणि टोपली त्या बाजूला झुकते. हे विणताना दुरुस्त होत नाही.

मग भिजवणं. ब्राउन विलोचा ढोबळ नियम: जितके फूट तितके दिवस, थंड पाण्यात. चार फुटीला चार दिवस, पाच फुटीला पाच. उन्हाळ्यात थोडं लवकर होतं. फोक तरंगतात म्हणून वर दगड ठेवा. पूर्वी ओढ्यात किंवा तळ्यात टाकून ठेवत; आता बाथटब. फ्लॅटमध्ये राहत असाल आणि चार दिवस आंघोळ बुडवायची नसेल तर गटाराच्या कामाचा रुंद प्लास्टिक पाइप घ्या, एका टोकाला झाकण बसवा, कोपऱ्यात उभा करा आणि पाण्यानं भरा. पाणी दोन दिवसांत चहासारखं लाल होतं, घाबरू नका, तो सालीचा रंग सुटतो. टबवर मात्र डाग राहतो. घरमालकाचा टब असेल तर आधी प्लास्टिक अंथरा.

बाहेर काढल्यावर लगेच विणायचं नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळून रात्रभर ठेवा, म्हणजे पाणी आतपर्यंत मुरतं. सकाळी एक फोक घ्या आणि बुडख्याचा भाग मनगटाभोवती सावकाश वळवा. वळला तर तयार. ‘तट्’ असा आवाज आला तर आणखी एक दिवस.

जास्त भिजवण्याचाही त्रास आहे. साल बुळबुळीत होते आणि विणताना सोलून हातात येते. एका बैठकीला लागतील तेवढेच भिजवा. उरलेले वाळवून एकदा पुन्हा भिजवता येतात, पण फोकाचा तजेला जातो. ओले गुंडाळून आठवडाभर विसरलात तर बुरशी येणार.

५. बूड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बूड वाकडं तर टोपली वाकडी.

आठातल्या चार काड्या घ्या. प्रत्येकीच्या बरोबर मध्यावर चाकूचं टोक खुपसून, फिरवून, चार-पाच सेंटिमीटरची चीर पाडा. टोकापर्यंत फाटू देऊ नका. चाकू स्वतःकडे नाही, खाली जमिनीकडे. चारही चिरा एका रांगेत धरून त्यांतून उरलेल्या चार काड्या ओवा, जाड टोकं आळीपाळीनं दोन्ही बाजूंना. झाला अधिकचा क्रॉस, प्रत्येक हाताला चार काड्या.

आता दोन अगदी बारीक फोक. दोघांचे शेंडे चिरेत, एका चौकडीच्या डाव्या अंगाला खुपसा. एक चौकडीच्या पुढून जातो, एक मागून, आणि पुढच्या चौकडीपाशी दोघं जागा बदलतात. ही दुपेडी वीण. नियम एकच: नेहमी डाव्या बाजूचा फोक उचलायचा, उजव्याच्या वरून न्यायचा, पुढून जाऊन मागून बाहेर काढायचा. मग जो डावा उरला तो उचलायचा. (डावखुरे असाल तर सगळं उलटं करा, पण मग शेवटपर्यंत उलटंच.) अशा दोन फेऱ्या, करकचून ओढत.

तिसऱ्या फेरीला चौकड्या फोडून दोन-दोन काड्या करा. दोन फेऱ्यांनंतर एकेक. ही फोडायची जागा सगळ्यांना नडते. काड्या फाकायला तयार नसतात आणि आपण ‘पुढच्या फेरीत सरळ करू’ म्हणून सोडून देतो. पुढच्या फेरीत काही होत नाही. अंगठ्याचं मूळ काडीला लावून, सगळा भार टाकून तिला जागेवर न्या. सोळाही टोकं बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी सारख्या अंतरावर हवीत. पहिल्या दिवशी अंगठा सुजला तर तुमचं काम बरोबर चाललंय.

जोड घालताना शेंड्याला शेंडा, बुडख्याला बुडखा. जाड बुडख्याला शेंडा जोडलात तर त्या जागी खड्डा पडतो. दोन्ही फोक एकाच जागी संपणार नाहीत असं बघा. विणता विणता काड्या सावकाश स्वतःपासून दूर दाबत राहा, म्हणजे बुडाला पालथ्या बशीसारखा किंचित फुगवटा येईल आणि टोपली कडेवर टेकून बसेल. सपाट ठेवलंत तर वाळताना कुठला तरी भाग खाली येतो आणि टोपली टेबलावर डुगडुगते. माझ्या दुसऱ्या टोपलीखाली अजून घडी घातलेला कागद आहे.

व्यास ३५ सेंटिमीटर झाला की थांबा. काड्यांची बाहेर आलेली टोकं विणीलगत कापा.

६. उभे फोक

बत्तीस फोकांचे बुडखे कलमासारखे तिरपे तासा. प्रत्येक काडीच्या डाव्या-उजव्या अंगाला एकेक, वीणीत निदान चार बोटं आत. जागा होत नसेल तर आधी आर घालून वाट करा. आरीला साबण किंवा चरबी लावली की सहज जाते.

आता सगळं सूर्याच्या चित्रासारखं दिसेल आणि अख्खी खोली व्यापेल. बुडाच्या कडेपाशी प्रत्येक फोक पक्कडीनं हलकेच चेपा, मग वर वळवा. न चेपता वळवलात तर तडकतो. सगळे शेंडे वर गोळा करून सुतळीनं सैल बांधा. स्किब उथळ आणि पसरट हवी म्हणून घट्ट बांधू नका, फोक बाहेरच्या बाजूला कललेले राहू द्या. मध्ये दगड ठेवा.

एखादा फोक तडकलाच तर त्याच क्षणी उपटा आणि नवा घाला. ‘चालेल’ म्हणायचा मोह होतो. काठ वळताना तोच तुटतो.

७. कड चढवणं

इथे तिपेडी वीण. तीन पाच फुटी फोक, तीन लागोपाठच्या खणांत, शेंड्याकडून सुरू. सगळ्यात डावा उचला, दोन उभ्यांच्या पुढून, एकाच्या मागून, बाहेर. मग पुढचा डावा. पहिली फेरी बुडाची कड झाकते, म्हणून ती खाली दाबून, दातओठ खाऊन घाला. बुडखे आले की बुडख्यांनाच नवे बुडखे जोडा आणि शेंड्यांवर संपवा. असं केलं की सुरुवात आणि शेवट दोन्ही बारीक येतात आणि कड सपाट राहते.

दर फेरीनंतर लोखंडी पट्टीनं वरून ठोका आणि दोन पावलं मागे जाऊन बघा. कुठे झुकली? कुठे दोन उभे जवळ आले? आत्ताच सरळ करा. तीन-चार बोटं उंची झाली की पुरे.

८. काठ

वर्गात बहुधा तीन फोकांचा गुंडाळलेला काठ शिकवतात. देखणा असतो, पण पहिल्या वेळी त्याचा शेवट जुळवता जुळवता रडू येतं. त्यापेक्षा साधा काठ करा.

फोक कोरडे वाटत असतील तर आधी टोपली उलटी करून उभे फोक तासभर पाण्यात ठेवा. मग प्रत्येक उभा, विणीच्या वर दीड बोटावर, पक्कडीनं चेपा. कुठलाही एक घ्या, उजवीकडे वाकवा: पहिल्याच्या मागून, दुसऱ्याच्या पुढून, तिसऱ्याच्या मागे नेऊन आतच सोडा. मग त्याच्या उजवीकडचा, तसाच. पहिले तीन-चार थोडे सैल ठेवा, कारण शेवटच्यांना त्यांच्याखालून शिरायचंय. शेवटी उभे फोक संपतात आणि कोणाच्या मागून जायचं ते कळेनासं होतं. तेव्हा सुरुवातीकडे बघा, तिथे जे दिसतंय तेच चित्र इथे पुरं करायचंय. आर घालून वाट करा, फोक ओवा, सैल ठेवलेले ओढून बसवा.

९. वाळवणं आणि छाटणं

बाहेर आलेल्या शेपट्या लगेच छाटू नका. टोपली दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर वाळू द्या. फोक आक्रसतात आणि लगेच छाटलेली टोकं आत सरकून निसटतात. वाळल्यावर तिरपी कापा, प्रत्येक टोक कुठल्या तरी उभ्या फोकावर टेकलेलं राहील इतकं ठेवून.

हीटरवर वाळवू नका. शेकोटीपुढेही नको. आणि इथल्या दमट घरात बंद कपाटात टाकलीत तर पांढरी बुरशी धरते. खिळ्याला टांगा. वर्षातून एकदा पावसात किंवा नळाखाली चांगली भिजवून पुन्हा वाळवलीत की चिवटपणा टिकतो.

१०. मग क्रील

दोन-तीन स्किब झाल्या की क्रीलकडे वळा, कारण या मातीतली म्हणावी अशी टोपली तीच. ती उलटी विणतात. उभे फोक थेट जमिनीत रोवायचे (हल्ली भोकं पाडलेली फळीही घेतात) आणि सुरुवात तोंडापासून, जमिनीलगत. सगळ्यात मजबूत वीण तिथे. मग बाजू वर चढतात. मध्ये एक पट्टा न विणता सोडतात, त्या खिडकीतून हात घालून किंवा दोर ओवून टोपली उचलता येते. शेवटी उभे फोक एकमेकांवर वाकवून, वर दगड ठेवून, त्यांचंच बूड विणायचं. मग अख्खी टोपली जमिनीतून उपटायची. उपटतानाचा तो ‘भस्स’ आवाज ऐकायला मी आजही पुढे धावते.

विणायच्या आधी एकदा मेयो परगण्यात कॅसलबारजवळ टर्लो पार्कला जाऊन या. राष्ट्रीय संग्रहालयाचा खेड्याच्या जीवनावरचा विभाग २००१ पासून तिथे आहे, प्रवेश फुकट. काचेआडच्या टोपल्यांचं बूड बघायला जमिनीवर वाकावं लागतं, खुशाल वाका. जुन्या क्रीलच्या तोंडाशी रोवलेल्या फोकांचे बुडखे कसे कापलेत, जोड कुठे लपवलेत, हे कुठल्याही चित्रफितीपेक्षा तिथे चांगलं दिसतं. उत्तरेला असाल तर बेलफास्टजवळ कल्ट्राचं अल्स्टर लोकसंग्रहालय आहे.

आणि स्किब वाळली असेल तर शनिवारी बटाटे आणा. पिठूळ जातीचे घ्या, ‘केर्स पिंक’ किंवा ‘रूस्टर’, सालासकट उकडा. सिंकमध्ये स्किब ठेवा, वरून भांडं उपडं करा. वाफ विणीतून खाली आणि वर दोन्हीकडे जाते, त्यामुळे बटाटे दोन मिनिटांत कोरडे होतात आणि साल फुटून पांढरा रवा दिसायला लागतो. मीठ, लोणी. आमच्याकडे बरोबर लसणाची चटणीही असते. खाऊन झाल्यावर स्किब साध्या पाण्यानं धुवा, साबण नको, आणि सिंकमध्ये रात्रभर पडू देऊ नका.